तीन अंश कमी

फरशीत चांदणी बसवणं गिऱ्हाइकाला वाटतं तितकं सोपं काम नाही. चौकोनी फरशी चुकली तर सांध्यात लपवता येते. चांदणीला लपवायला जागाच नसते. पाच टोकं पाच दिशांना बोट दाखवत असतात आणि त्यातलं एक जरी खोटं निघालं तरी बघणाऱ्याला ते खटकत राहतं, का खटकतं ते सांगता आलं नाही तरी. मी सव्वीस वर्षं हे काम करतोय. माझ्या हातच्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नाही. हे बढाई म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या मिस्त्रींची एक चाचणी होती. जमिनीवर सुतं ताणून चांदणी आखायची. मग प्रत्येक टोकाखाली खाकी कागद सरकवून तो कोन उतरवायचा आणि कापायचा. असे पाच कागद झाले की सरळ पट्टीला लावून ते शेजारी शेजारी मांडायचे, सगळ्यांची टोकं एकाच बिंदूवर. पहिल्या कागदाची कड पट्टीवर ठेवून सुरुवात केली, की शेवटच्या कागदाची कड पलीकडच्या बाजूला पुन्हा पट्टीला टेकलीच पाहिजे. एकशेऐंशी अंश. चांदणी कशीही वेडीवाकडी असो, एक टोक रुंद आणि दुसरं सुईसारखं असो, पाचांची बेरीज तीच. भूमितीच्या तासाला मी झोपा काढल्या, पण ही एक गोष्ट मला तोंडपाठ आहे.

"आणि नाही टेकली तर?" मी एकदा विचारलं होतं.

"काम थांबवायचं. अवजारं उचलायची आणि घरी जायचं."

मला वाटलं, वैतागून बोलले. मिस्त्रींचं बोलणं तसंच असायचं. समोरच्याच्या तोंडाकडे ते कधी बघत नसत. कायम तिरके बसून खांद्यावरून बोलायचे. आम्ही शिकाऊ मंडळी त्यांना माघारी 'तिरकोजी' म्हणायचो. त्यांच्या घरी चहाला गेलं की एक कप ते रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायचे. बायको गेली, पण सवय गेली नाही बिचाऱ्यांची, असं आम्ही धरून चालायचो.

वाचनालयाच्या गोल हॉलचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ते उडी मारून घेतलं. माझी बायको त्याच वाचनालयात पुस्तकांचं बाइंडिंग करते. आमची मुलगी शाळा सुटली की तिथेच येऊन आईची वाट बघत बसते. 'बसते' हा शब्द चुकला. ती नऊ वर्षांची आहे आणि नऊ वर्षांत कधी एका जागी बसलेली नाही. म्हणून तिचं शाळेतलं नाव फक्त शाळेतच चालतं, बाकी जगाला ती भिंगरी. तिच्या पायाखाली आपल्या हातची फरशी असावी, एवढाच माझा लोभ होता.

हॉलला पाच दारं. इमारत वेळोवेळी वाढवलेली, त्यामुळे दारं सारख्या अंतरावर नव्हती. ग्रंथपाल बाईंची इच्छा अशी की पांढऱ्या फरशीत काळ्या पट्ट्यांची चांदणी असावी आणि तिचं एकेक टोक एकेका दारात यावं. मी सुतं ताणली आणि टोकं मोजली. मुख्य दाराशी एकेचाळीस अंश, जिन्याशी एकोणतीस, कोठीशी अडतीस, अंगणाकडच्या दाराशी तेहतीस. पाचवं टोक बाइंडिंगच्या खोलीच्या दाराशी. ते मोजायची गरजच नव्हती. एकशेऐंशीतून वजा करा, उरले एकोणचाळीस. मी शुक्रवारी त्या मापाने दगड कापून ठेवला.

शनिवारी दगड बसेना.

सुतांच्या मधे तो मावत नव्हता. मी कोनमापक लावलं. छत्तीस. सूत ढिलं असेल म्हणून पुन्हा ताणलं, छत्तीस. जमीन पाणसळीत आहे का बघितलं. होती. चारही टोकं पुन्हा मोजली, ती जशीच्या तशी. मग मिस्त्रींची चाचणी केली. पाच कागद पट्टीला लावले. शेवटच्या कागदाची कड आणि पट्टी यांच्यामधे फट राहिली. बिंदूपाशी काही नाही, आणि हातभर अंतरावर बोटभर रुंद. तीन अंश.

सपाट जमिनीवर सरळ सुतांनी हे होऊ शकत नाही. मी त्या फटीकडे किती वेळ बघत बसलो ते आठवत नाही. हॉलमधे थंडगार होतं, आणि त्या फटीत खालची सिमेंटची जमीन जरा जास्तच गडद दिसत होती, एवढं मात्र आठवतं.

थांबायला हवं होतं. पण सोमवारी उद्घाटन होतं, आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाने ग्रंथपाल बाईंना काय सांगायचं, की बाई, तुमच्या हॉलमधे भूमिती चालत नाही? मी ग्राइंडर घेतला, दगडाच्या दोन्ही कडांवरून दीड-दीड अंश घासून काढला आणि तो ठोकून बसवला. असा चपखल बसला, की सांधा नखालाही लागत नव्हता. घासलेली काळी भुकटी झाडून बादलीत भरली. कागद मात्र टाकवले नाहीत. घडी करून खिशात घातले.

उद्घाटनाला सगळ्यांनी फरशीचं कौतुक केलं. भिंगरीने तर पहिल्याच दिवशी तिचा खेळ शोधून काढला. बाइंडिंगच्या दारातून निघायचं, काळ्या पट्टीवरून समोरच्या दारापर्यंत जायचं, टोकाला वळायचं, पुढची पट्टी धरायची. अशी पाच वळणं घेतली की परत आईच्या दारात. बाकी माणसं हॉल ओलांडून आपापल्या दाराने निघून जायची. पूर्ण चांदणी चालणारी ती एकटीच.

"आज चार फेऱ्या," ती जेवताना म्हणाली.

तिची आई भाजी वाढता वाढता म्हणाली, "बोलताना इकडे बघ ना गं."

"बघतेच आहे की."

ती आईच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होती. मुलं करतात असं. मी लक्ष दिलं नाही.

चार दिवसांनी शाळेतून चिठ्ठी आली, की मुलगी बोलताना मान फिरवते, उद्धटपणा वाटतो. मी तिला समोर बसवून रागावलो, आणि रागावता रागावता माझ्या लक्षात आलं की मी खुर्ची दोनदा सरकवली आहे. मी सरकलो तरी ती तेवढीच तिरकी. मला तिचा डावा गाल जास्त दिसत होता, उजवा कमी.

"माझ्याकडे बघ," मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. "बाबा, मी बघतेय. तूच तिकडे बघतोयस. तुम्ही सगळेच हल्ली जरा तिकडे बघता."

आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर हुशार म्हणून नावाजलेले. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. मग स्टूल थोडं डावीकडे घेतलं. मग आणखी डावीकडे. शेवटी ते उठले, तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून परत आले आणि चष्मा पुसत बसले. डोळे ठणठणीत आहेत, असं त्यांनी सांगितलं. आम्ही निघताना त्यांनी दार लावून घेतलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी मोजून जगणारा माणूस आहे. घरी आल्यावर तिला स्वयंपाकघरात उभी केली. तिथली फरशी मीच घातलेली आहे, तिचा प्रत्येक सांधा मला ठाऊक आहे. भिंगरीच्या टाचा एका सांध्याला लावल्या आणि मी भिंतीपाशी उभा राहिलो. तिच्या तोंडाचा कल माझ्यापासून साधारण पन्नास अंश. मी खिडकीशी गेलो. पन्नास अंश. दाराशी, मोरीशी, तिच्या पाठीमागे गेलो. पाठीमागूनसुद्धा मला तिचं तोंडच दिसलं, तेवढंच कललेलं. तिचे पाय सांध्यावरून तसूभरही हलले नव्हते.

बायको ओट्याला टेकून उभी होती. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

त्या दिवसानंतर आम्ही तिला शाळेत पाठवलं नाही. एकटीला घरी ठेवायची छाती होत नव्हती, म्हणून आई तिला रोज सोबत वाचनालयात न्यायची. मी मानेचे डॉक्टर, मेंदूचे डॉक्टर, कुणी सांगेल ते दार ठोठावत फिरत होतो. रोज संध्याकाळी ती थोडी आणखी वळलेली असायची. आधी एक डोळा गेला. मग नाकाचं टोक गेलं. मग फक्त गाल आणि कान उरला. आम्ही तिच्यासमोर रडायचो नाही. समोर कुठे होती ती, पण तरी.

एका गुरुवारी मी घरी आलो तेव्हा दोन वेण्या आणि मधला भांग, एवढीच माझी मुलगी मला दिसत होती. कुठूनही बघितलं तरी पाठमोरी. कडेला जेमतेम कानाची पाळी. मी मागून हात घालून चाचपडलं. बोटांना तिचं नाक लागलं, ओले गाल लागले. ती तिथेच होती.

"बाबा," ती म्हणाली, "सगळ्यांनी माझ्याकडे पाठ केलीय. तू पण. मी काय केलं?"

मी तिला घट्ट धरलं.

"पण येतील परत," तीच म्हणाली. "मी रोज चालतेय ना. एका फेरीला तुम्ही थोडेसेच वळता. तशीच चालत राहिले तर तुम्ही पूर्ण गोल फिरून परत समोर याल. अर्ध्यापर्यंत आले मी. अठ्ठावन्न झाल्या, अजून बासष्ट."

अठ्ठावन्न आणि बासष्ट, एकशेवीस. एकशेवीस त्रिक तीनशेसाठ. खिशातले पाच कागद काढायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाइंडिंगच्या खोलीत गेलो. दारामागे पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या, पाच-पाचचे गठ्ठे बांधलेल्या. अकरा गठ्ठे आणि वर तीन. तिथून मी पहार घेऊन हॉलमधे गेलो. चांदणी उखडून तिचे तुकडे तुकडे करायचे, एवढंच डोक्यात होतं. पहिला घाव घालायच्या आधी काय वाटलं कोण जाणे, पहार भिंतीला टेकवली आणि तडक मिस्त्रींच्या घरी गेलो.

ते खिडकीपाशी तिरके बसले होते. आता खूप थकलेत. मी सगळं सांगितलं. घासलेला दगडसुद्धा.

"फोडलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग अजून वाट आहे. फोडली असतीस तर परत आणायचा रस्ता कुठला?" त्यांनी खिडकीच्या चौकटीवर बोटाने उलटी चांदणी काढली. "उलट्या दिशेने चालायचं. जितक्या सुलट्या तितक्या उलट्या. पण एकट्याला ते जमत नाही, सगळ्यांच्या पाठी बघत माणूस वाट चुकतो. कुणीतरी हात धरून न्यावं लागतं."

"मी नेतो."

"ऐकून तरी घे. धरणाराही फिरतो. तो सरळ असतो, म्हणजे तो उलट्या अंगाने फिरत जातो."

"म्हणजे ती परत येईल, आणि मी…"

"हिशोब तुला येतो."

एकशे चौऱ्याहत्तर. मी मान हलवली. मग विचारलं, "आणि ती म्हणते तसं? पूर्ण गोल फिरवून?"

मिस्त्रींनी रिकाम्या खुर्चीकडे हात केला. तिच्यापुढे कप होता. चहा अजून वाफाळत होता.

"साठ फेऱ्या ओलांडल्या की पाठही दिसत नाही," ते म्हणाले. "आमच्या घरच्या चांदणीला अडीच अंश कमी होते. म्हणजे अर्धा गोल बाहत्तर फेऱ्यांचा, आणि मला पत्ता लागला तेव्हा हिच्या एकाहत्तर झाल्या होत्या. मी हात धरला. पंधरा फेऱ्या नेल्या. मग मला माझीच भीती वाटली रे, म्हणून हात सोडला. एकटी तशीच पुढे चालत राहिली असणार. कुणीकडे गेली ते मला दिसलं नाही."

इतकी वर्षं मी ज्याला खोड समजत होतो ती पंधरा फेऱ्यांची होती. मी त्यांच्या पाया पडून निघालो. दारातून वळून बघितलं तेव्हा समोरच्या कपातला चहा अर्धा झाला होता.

वाचनालयात परतलो तर ग्रंथपाल बाईंनी बातमी दिली ती वेगळीच. सोमवारी सकाळी हॉलमधे लाल गालिचा आणि वाचनाची टेबलं येणार होती. टेबलं स्क्रूने जमिनीला जखडायची, ओळीने, भिंतीपर्यंत. मी चार दिवस मागितले. "अहो, मला विचारून का ठरतं हे?" त्या म्हणाल्या. "वरून कळवलंय. आणि तुम्ही एवढे घामाघूम का झालात?"

म्हणजे रविवार. वाचनालय बंद, बाइंडिंगच्या खोलीची किल्ली बायकोकडे.

तिला मी अर्धंच सांगितलं. उलट्या फेऱ्यांनी भिंगरी सरळ होईल, तू दारात उभी राहा आणि मोज. माझं काय होईल ते गिळलं. तिने माझ्याकडे बघितलं, सरळ, डोळ्यात डोळे घालून. मी ते बघणं नीट बघून ठेवलं.

दुपारी तीनला आम्ही सुरुवात केली. वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं. काळी पट्टी हातभर रुंद, दोघं खेटून जेमतेम मावत होतो. भिंगरीचा हात माझ्या हातात, घामेजलेला. मला तिच्या वेण्या दिसत होत्या.

"बाबा, सोडू नकोस हां."

"वेडी का तू?"

दार, वळण. दार, वळण. पाचवं वळण घेतलं आणि परत आलो. "एक," बायको म्हणाली.

दहा झाल्या तेव्हा तिचा आवाज बदलला. "अहो, गाल दिसतोय! हिचा गाल दिसतोय मला!"

मी भिंगरीकडे बघितलं. वेण्या, भांग, कानाची पाळी. माझ्यासाठी काहीच बदललं नव्हतं. बदलणारही नव्हतं, आम्ही दोघं बरोबरच फिरत होतो. मग मी बायकोकडे बघितलं. ती दारातच उभी होती. पण तिचं तोंड जरासं कोठीच्या दाराकडे वळलं होतं.

"एकोणीस," बायको म्हणाली. "अहो, तुम्ही इकडे बघा ना. तिकडे काय आहे?"

"पाय बघून चालतोय. तू मोज."

सत्तावीसला तिला नाक दिसलं. पस्तीसला डोळा. ती हसत होती आणि रडत होती, हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं. मला तिचा फक्त कान आणि अंबाडा दिसत होता.

"आई!" भिंगरी ओरडली. "आई, तू वळलीस!"

तिचा हात सुटायला बघत होता, आईकडे धावायला. मी मनगट आवळलं.

चाळीस.

पाय भरून आले होते. हॉलचे पाचही दरवाजे आता माझ्याकडे पाठ करून असल्यासारखे वाटत होते. दाराला पाठ कशी असते ते विचारू नका.

एकदा, फक्त एकदा, मला वाटलं की सोडावा हात. पंचेचाळीसावी फेरी होती. एवढी सरळ झाली तरी पुष्कळ, लोक म्हणतील मुलगी जरा तिरकी बघते, जगेल तशीच. मग मला तो कप आठवला.

बावन्न.

बायकोने आकडे मोठ्याने म्हणणं थांबवलं होतं. तिला कळलं होतं. "पुरे हो," ती म्हणाली. "तुम्ही… अहो, पुरे."

"किती?"

"छप्पन्न."

"दोन राहिल्या."

सत्तावन्न.

अठ्ठावन्न.

सव्वापाच वाजले होते. मी हात सोडला. भिंगरी आईकडे धावत गेली. दोन पाठी एकमेकींना बिलगल्या, एवढंच मला दिसलं. ते कसं दिसू शकतं हेही विचारू नका. मी मुख्य दाराच्या पायरीवर बसलो आणि पोटभर रडलो. दुःखाने नाही. ती परत आली होती.

सोमवारी गालिचा आला, टेबलं आली, स्क्रू पिळले गेले. ओळींमधून बाजूला होऊन एक माणूस कसाबसा जातो, चांदणीवरून चालायचा प्रश्नच मिटला. माझी वाट बंद झाली ती झाली, पण तिचीही बंद झाली, यातच मला समाधान होतं. ती शाळेत जाऊ लागली. चिठ्ठी नाही, तक्रार नाही.

मी आता काम करत नाही. गिऱ्हाइकाला माझी पाठ आणि मला गिऱ्हाइकाची पाठ, असा व्यवहार फार दिवस चालत नाही. आरशात मी मला समोरून दिसतो, मायलेकी मात्र आरशातही पाठमोऱ्याच. बायको जेवताना माझा हात धरून बसते. सुरुवातीला ती खूप भांडली, मला का नाही सांगितलं म्हणून. भांडताना तिचा अंबाडा हलायचा. भिंगरी रोज संध्याकाळी येऊन माझ्या पुढ्यात उभी राहते आणि विचारते, "बाबा, दिसते का मी?" मी म्हणतो, "दिसते की." वेण्या दिसतात. कानाची पाळी दिसते. सहा अंश.

मग गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली. मला वाटलं, पाळीच नाही, पूर्ण कान दिसतोय. मी कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कानापुढचे केस दिसले. तीन रात्री मला झोप लागली नाही. जखम जशी आपोआप भरून येते तसं हे भरून येतंय, अशी माझी खात्री पटली. मिस्त्रींना तरी काय सगळं माहीत होतं? बायकोचा अंबाडा तेवढाच होता, पण म्हटलं, येईल, तिचंही येईल. एकेक करून.

आज संध्याकाळी भिंगरी वाचनालयातून आली. बायको स्वयंपाकघरात शिरता शिरता कुरकुरत होती, "रोज कुठे लोळते कोण जाणे. झग्याला, गुडघ्यांना नुसती लाल लव."

भिंगरी माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. आणि मला तिच्या गालाची कड दिसली. खरोखरीची, गोल, तिळासकट. महिन्याभरात मी तो तीळ बघितला नव्हता. मी तिला जवळ ओढलं. असा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"दिसते ना?" ती कुजबुजली. "टेबलांखालून रांगता येतं, बाबा. मला पट्ट्या पाठ आहेत. उलट्या फेऱ्या आठ झाल्या. अजून पन्नास."

आतून ताटं मांडल्याचा आवाज आला. तिच्या आईने काहीतरी विचारलं, भिंगरीने इथूनच उत्तर दिलं. आई दारापर्यंत आली.

"अगं," ती म्हणाली, "बोलताना इकडे बघ ना गं."